दौऱ्यावर गेलेल्याच्या घरी कोण?

विश्रामबाग, सांगली

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुमच्या कंपनीच्या प्रवास-धोरणाचा तुझा मसुदा मिळाला, आणि त्यासोबतच्या दोन परत आलेल्या व्हाउचरांच्या झेरॉक्सही. रेल्वेचा कुठला वर्ग कुणाला, हॉटेलची मर्यादा किती, टॅक्सी कधी नि रिक्षा कधी, हे सगळं तू नीट बांधलंयस. त्यात हात घालण्यासारखं फारसं नाही. 'कौटुंबिक व्यवस्था' या मथळ्याखाली मात्र, म्हणजे टूरवर गेलेल्याच्या घरच्या सांभाळणीचा खर्च कुणी द्यायचा तिथे, नुसतं एक प्रश्नचिन्ह ठेवून दिलंयस. तुला विचारायचं होतं ते एवढंच, बाकीची पानं सोबतीला आली, असं मी समजते.

उत्तर आधी देते, कारणं मागून. टूरमुळे सांभाळणीचा जो जादा खर्च होतो तो कंपनीनं द्यावा. लेकराचा द्यावा, अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचा द्यावा. कुत्र्यामांजरांचाही द्यावा, पण वेगळ्या वाटेनं आणि वेगळ्या मापानं. आणि तो 'कल्याणकारी योजना' या गोंडस नावाखाली न देता प्रवासखर्चातच धरावा. कल्याणाचं बजेट मंदी आली की पहिलं कापलं जातं, टीए-डीएला, म्हणजे प्रवासभत्त्याला आणि टूरवरच्या दैनिक भत्त्याला, सहसा कुणी हात लावत नाही.

आता ती व्हाउचरं समोर घे. पहिलं तुमच्या सर्व्हिसमधल्या मुलीचं. राजकोटला मशीन उभं करायला चार रात्री. हॉटेल, रिक्षा, जेवण, आणि सगळ्यात खाली, घरी तिच्या लेकराजवळ थांबणाऱ्या बाईंसाठी, तिच्या बारीक अक्षरात 'रात्री मुक्कामाला मावशी, 4 × 400 = 1600'. त्या ओळीवर लाल पेनानं आडवी रेघ आणि शेजारी 'वैयक्तिक खर्च, नामंजूर'. दुसरं सेल्समधल्या मुलाचं, कोईमतूरचं. 'कुत्रा, बोर्डिंग, 3 दिवस, 1500'. इथे लाल पेनाला शब्दही सुचले नाहीत, नुसतं उद्गारचिन्ह आहे. (अकाउंट्समधलं हे उद्गारचिन्ह माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ते देणारा माणूस बहुधा सज्जन असतो आणि स्वतः कधी टूरवर गेलेला नसतो.)

पण त्याच कागदावरच्या वरच्या ओळी बघ. 'नाश्ता 90', 'जेवण 250', बिनबोभाट पास. ते जेवण वैयक्तिक नव्हतं का? माणूस घरी असता तर उपाशी राहिला असता? भूक काही कंपनीनं लावलेली नाही. तरी आपण डीए देतो, कारण घरचं जेवण आणि बाहेरचं जेवण यात पैशाचा फरक पडतो आणि तो फरक कामामुळे पडतो. तोच न्याय खालच्या ओळीला लाव. दिवसाचं पाळणाघर ती मुलगी स्वतःच्या पगारातून भरते, ते तिनं मागितलेलंच नाही. घरी असती तर रात्री मावशींना बोलवायची वेळ आली नसती. तेवढ्या रात्रींचेच पैसे तिनं मागितलेत. सगळ्या कलमांचा कणा हा एक प्रश्न ठेव: कामानं बाहेर पाठवलं नसतं तर हा खर्च झाला असता का? झाला नसता, तर तो कामाचा.

तुमचे एमडी म्हणतील, मूल काय मला विचारून झालं? कुत्रा पाळायला मी सांगितलं होतं? तोंड वाकडं करू नकोस. स्वतःचं घर गहाण टाकून कारखाना उभा केलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि तो विचारायचा त्याला हक्क आहे. तू शांतपणे एवढंच म्हण: साहेब, ते तुम्ही नव्हतं सांगितलं, पण राजकोटला जायला तुम्ही सांगितलं होतं.

ही कसोटी मी घरी बसून काढलेली नाही. अमेरिकेत 2018 साली लिउबा ग्रेचेन शर्ली नावाची बाई न्यूयॉर्कमधून तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकीला उभी होती. घरी दोन लहान मुलं. प्रचारनिधीतून मुलं सांभाळणाऱ्या बाईचे पैसे देता येतील का, असं तिनं तिथल्या निवडणूक आयोगाला विचारलं. तिथला नियम असा की, निवडणूक लढवली नसती तरी जो खर्च झालाच असता तो वैयक्तिक, त्याला प्रचारनिधी वापरता येत नाही. आयोगानं मे महिन्यात एकमतानं सांगितलं की प्रचाराला जावं लागल्यामुळेच जो सांभाळणीचा खर्च होतोय तो चालेल. बघ, लाल पेनवाल्या साहेबांची आणि आपली कसोटी एकच निघाली. आपण ती शेवटपर्यंत लावतो, ते जेवणापाशी थांबतात.

उलट बाजूही तुला माहीत असू दे, कारण बैठकीत कुणीतरी ती काढेल. कॅनडात बेथ साइम्स नावाच्या वकीलबाईंनी दाईचा पगार हा आपल्या व्यवसायाचा खर्च धरून करात वजावट मागितली. 1993 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन अशी ती नाकारली. या निकालाच्या विरोधात मत देणाऱ्या त्या दोघी खंडपीठावरच्या दोनच बायका होत्या, हे आपलं तुझ्या माहितीसाठी. पण तो वाद रोजच्या सांभाळणीचा होता आणि सरकारच्या कराशी होता. आपला विषय टूरच्या रात्रींचा आहे आणि मालकाच्या खिशाशी आहे. दोन्ही एकत्र कालवू देऊ नकोस.

परदेशातलं सांगितलं की आपल्याकडे लगेच ऐकायला मिळतं, ते तिकडचं झालं हो! मग इकडचं सांग. आपल्या सातारा-सांगलीत कामापायी होणारा सगळ्यात मोठा प्रवास इंजिनिअरांचा नाही, ऊसतोड्यांचा आहे. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून टोळ्या यायला लागतात. नवराबायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल फेडायची, पहाटे फडात उतरायचं. लहान लेकरू बांधावर पाचटात झोपवलेलं, आणि त्याच्याजवळ बसायला शाळा सोडून आलेली त्याचीच आठ-नऊ वर्षांची बहीण. कऱ्हाड, वाळवा, पलूस, कुठल्याही बाजूला गाडी थांबव, हे दिसेल. या व्यवहारात बैलाच्या वैरणीचा हिशेब पहिल्यापासून धरलेला आहे, ऊस तोडला की वाढं बैलांना. लेकरांचा हिशेब धरायला मात्र साखरशाळा निघाव्या लागल्या, आणि त्याही सगळीकडे निघाल्या नाहीत. मुलं गावीच राहावीत म्हणून पुढे हंगामी वसतिगृहं आली, 2021 मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. म्हणजे काय झालं? आईबाप कामाला बाहेरगावी, मूल मागे गावात, आणि त्याच्या सांभाळणीचा खर्च आईबापांच्या खिशाबाहेरून. तत्त्व आपल्या मातीत रुजलेलं आहे. तुमच्या कंपनीतल्या टूर करणाऱ्यांना ते लागू करायला लाज कसली वाटायची? उलट, ज्यांच्यापायी हे तत्त्व आलं त्या टोळ्यांना ते अजून पुरतं मिळालेलं नाही, याची वाटली तर वाटावी.

कायद्याचं म्हणशील तर तो या प्रश्नावर गप्प आहे. कारखाना कायदा 1948 चा, त्याच्या कलम 48 मध्ये 30 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर लागायचं. मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली, पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा आली. नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या, त्यातल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 50 चा आकडा आहे. पण हे सगळं मूल आणि आई एकाच आवाराच्या आसपास आहेत असं गृहीत धरून लिहिलेलं. आई राजकोटला आणि मूल साताऱ्याच्या गोडोलीत, असा प्रसंग कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. म्हणून 'कायद्यानं बंधनकारक आहे' असं चुकूनही लिहू नकोस. नाही ते सांगितलंस तर आहे त्यावरचाही विश्वास जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुझ्या मसुद्याच्या कडेला पेन्सिलीनं जे लिहिलंयस त्यावर. 'फक्त महिला कर्मचाऱ्यांसाठी?' असं तू विचारलंयस. नाही. काही झालं तरी नाही. कारण सांगते. खर्च फक्त बायकांच्या नावावर चढला की कुणी धोरण मोडणार नाही, धोरणाला हातही लावणार नाही. फक्त टूरची यादी करताना कुणीतरी मायेनं म्हणेल, 'तिला राहू दे रे, तिला घरचं असतं.' पुढच्या वेळी पुन्हा तेच. राजकोटच्या गिऱ्हाइकाला मग ओळख कुणाची? जो गेला त्याची. बढतीच्या वेळी 'फील्डचा अनुभव' कुणाला? त्यालाच. 26 आठवड्यांच्या रजेचा पगार जिथे मालकानंच द्यायचा होता तिथे काही लहान मालकांनी बायकांना घेतानाच हात आखडता घ्यायला सुरुवात केली, हे आपल्या कुपवाडच्या एमआयडीसीत कुणालाही विचार, चहा पिता पिता सांगेल. बायकांचं म्हणून जे काही वेगळं काढलं जातं त्याची किंमत बायकांकडूनच वसूल होते. म्हणून बापाच्या टूरलाही हाच भत्ता, त्याच दरानं, त्याच फॉर्मवर.

यावर पुरुष काय म्हणतील तेही सांगते. 'आम्हाला कशाला, घरी बायको आहे की.' आहे खरी, आणि आजवर साऱ्या टूर तिच्याच जिवावर फुकट झाल्यात. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांची काळजी घेण्यात, ती घेणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 134 मिनिटं जात होती आणि पुरुषांची 76. घरकामात तर 299 आणि 97. ही मिनिटं कुठल्याच व्हाउचरवर आलेली नाहीत. आता त्या बायकोचीही शिफ्ट आहे, कुणाची बँकेत, कुणाची शाळेत, कुणाची तुमच्याच कंपनीच्या क्वालिटीत. नवरा जमशेदपूरला गेला की तिची संध्याकाळ आपोआप मोकळी होत नाही. पुरुषांनी दावा केला नाही तर नाही, पण फॉर्म त्यांच्याही हातात असू दे. मला विचारशील तर पहिला दावा एखाद्या मॅनेजर पुरुषाकडून येईल असं बघ. मग बाकीच्यांची भीड चेपते.

कुत्र्याकडे येते. तू लिहिलंयस की हा मुद्दा मांडला तर सगळे हसतील. हसू देत. ऑगस्ट 2019 च्या पुरात कुत्र्याला घेतल्याशिवाय बोटीत पाय न ठेवणारी माणसं आम्ही सांगलीकरांनी पाहिलीत, तेव्हा कुणी हसत नव्हतं. आणि पाळलेल्या जनावराला अन्न, पाणी, निवारा न देणं हा प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा, 1960 प्रमाणे गुन्हा आहे. तीन दिवस कुलूप लावून निघून जा, असं कंपनी त्या मुलाला सांगू शकत नाही. म्हणजे खर्च खरा आहे आणि आपल्या कसोटीत बसतो.

तरीही मूल आणि कुत्रा एका ओळीत लिहू नकोस. इथे माझं मत पक्कं आहे आणि ते तुमच्यातल्या प्राणीप्रेमींना आवडणार नाही. मुलाला सांभाळायला माणूस लागतोच, त्याला दुसरा पर्याय नाही. कुत्र्याचं शेजारी बघतात, मित्र नेतो, मांजर तर दोन दिवस आपलं आपण काढतं. शिवाय आज कुत्रा, उद्या माशांची टाकी, परवा टेरेसवरची झाडं. यादी संपायची नाही, आणि प्रत्येक नोंदीपुढे अकाउंट्सचं उद्गारचिन्ह. म्हणून असं कर. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे सगळ्यांना सरसकट एक लहानसा 'घरव्यवस्था भत्ता' ठेव, 100-150 रुपये, कशासाठी वापरला ते विचारायचं नाही. कुणी कुत्र्याला ठेवेल, कुणी तुळशीला पाणी घालायला येणाऱ्या पोराला देईल, कुणी खिशात टाकेल. एकट्यादुकट्यांची 'आम्हाला काय?' ही कुरकुरही त्यातच मिटते. आणि त्याच्यावर, ज्याला एकटं सोडताच येत नाही अशा माणसासाठी, म्हणजे लहान मूल, आजारी किंवा म्हातारं माणूस, अपंग भावंड, यांच्यासाठी प्रत्यक्ष झालेला खर्च, ठरलेल्या मर्यादेपर्यंत.

कुत्र्याला एक अपवाद मात्र ठेव, आणि तो भांडून ठेव. टूरची सूचना 48 तासांपेक्षा कमी वेळात दिली असेल तर बोर्डिंगचं बिल पूर्ण मिळेल. तो कोईमतूरचा मुलगा आदल्या संध्याकाळी सहाला कळल्यावर पहाटे निघालाय, तुझ्याच कागदावर वेळ आहे. त्याला मित्र शोधायला वेळच दिला नव्हता. घाई कंपनीची, तर भुर्दंडही कंपनीचा. या एका कलमाचा दुसराही गुण आहे: ऐनवेळच्या सूचनेला पैसे पडायला लागले की अर्ध्या टूर अचानक आठवडाभर आधी ठरायला लागतात. डिस्पॅचचं वेळापत्रक आठवडाभर आधी कळतंच, फक्त सांगायचा आळस असतो.

पावत्यांचं सांगते, कारण तुझं सगळं धोरण तिथेच अडकेल. रात्री मुक्कामाला येणाऱ्या मावशी बिल देत नाहीत. शेजारच्या काकू तर पैसे हातात घेतानाही आढेवेढे घेतात, त्यांच्याकडे जीएसटी नंबर मागणार आहेस का? तेव्हा एका रात्रीची मर्यादा ठरव आणि स्वतःच्या सहीच्या निवेदनावर पैसे दे. 'मी अमुक रात्री बाहेर होतो, सांभाळणीसाठी इतका खर्च केला', बस. कुणाला दिले, ती व्यक्ती कोण, नवरा कुठे होता, सासू का नाही, यातलं काही फॉर्मवर नको. घरातली अडचण वरिष्ठापुढे उकलून दाखवल्याशिवाय पैसे मिळत नसतील तर ज्याला खरी गरज आहे तोच मागणार नाही. एखादा लबाडी करेल. करू दे. टॅक्सीच्या बिलात होते तेवढीच होईल, आणि टॅक्सी काही त्यासाठी आपण बंद केलेली नाही.

एक कलम मात्र कुठल्या पुण्या-मुंबईच्या धोरणात सहज सापडणार नाही, ते तू घाल: आजीचं तिकीट. आपल्याकडे टूर ठरली की पहिला फोन पाळणाघराला जात नाही, गावी जातो. 'आई, चार दिवस येतेस का?' आणि आजी खटावहून, माणहून, जतहून पिशवी घेऊन एसटीत बसते. तिचा येण्याजाण्याचा खर्च कंपनीनं द्यावा. बायकांना 2023 पासून एसटीला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे 2022 पासून प्रवासच मोफत, तेव्हा हे तुझ्या धोरणातलं सगळ्यात स्वस्त कलम असेल. स्टँडवरून घरापर्यंतची रिक्षाच तिकिटाच्या वर जायची. आजीला सांभाळणीचे पैसे द्यावेत का? द्यावेत. त्याच दरानं. मावशींनी रात्र काढली तर 400 आणि आजीनं काढली तर आशीर्वाद, हा हिशेब मला मान्य नाही. ती घेईल न घेईल, नातवाच्या नावानं ठेवेल, तो तिचा प्रश्न. आणि मूल अंगावर पीत असेल, त्याला बरोबर नेणं सोपं पडत असेल, तर आजीसकट दोघांना टूरवर न्यायची सोय ठेव: हॉटेलात जादा खाट आणि आजीचं रेल्वेचं तिकीट.

त्यावरून आठवलं. पैसे द्यायला लागली की कंपनी हळूच म्हणायला लागते, 'आता तर सगळी सोय केलीय, आता का जात नाही?' हा धोका खरा आहे. म्हणून नकाराचा हक्क त्याच पानावर लिही. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत मुक्कामाची टूर सक्तीची नाही, आईला नाही आणि बापालाही नाही. 15 का? मातृत्व लाभ कायद्यात दूध पाजायच्या सुट्ट्या मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत होत्या, सामाजिक सुरक्षा संहितेतही तशाच आहेत, तो आकडा तयार आहे, त्यावर वाद कमी होतो. बापाचं म्हणशील तर खासगी नोकरीतल्या पुरुषांसाठी पितृत्व रजेचा सर्वसाधारण कायदाच नाही, तेव्हा तिथे तुम्ही जे द्याल ते वरचढच. राज्य सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवस बालसंगोपन रजा दिलीय; तेवढी तुमच्या कंपनीला झेपणार नाही, मागूही नकोस.

आणि मुळात टूर लागते का, हे आधी तपास. साताऱ्याहून पुण्याचं काम सकाळी निघून रात्री परत येऊन होतं. त्याला मुक्काम लावणारे मॅनेजर मी पुष्कळ पाहिलेत, त्यांना खंबाटकीचा घाट संध्याकाळी नको असतो. कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन चालू करून द्यायच्या, चार दिवसांतले दोन बहुतेकदा गिऱ्हाइकाचा पाया सुकायची, लाइन यायची वाट बघण्यात जातात. 'पाया तयार, वीज तयार' असा फोटो गिऱ्हाइकाकडून आल्याशिवाय माणूस निघणार नाही, एवढं एक वाक्य सांभाळणीचा अर्धा खर्च वाचवेल.

कराची बाब तुमच्या सीएंकडून लेखी घे. मावशींचे 1600 कंपनीनं दिले तर कर्मचाऱ्याचं खासगी देणं मालकानं फेडलं असं धरून ती रक्कम पगारात मिळवली जाऊ शकते. टूरच्या भत्त्याला सूट आहे ती माणसाच्या स्वतःच्या रोजच्या खर्चापुरती. 1962 च्या आयकर नियमांत मुलाच्या शिक्षणभत्त्याची करमुक्त मर्यादा महिन्याला 100 रुपये आणि वसतिगृहाची 300 अशी ठेवलेली होती, त्यावरून लेकरांच्या खर्चाची त्या खात्याला कितपत कल्पना होती ते ओळख. कर लागणार असेल तर तो धरून रक्कम ठरव, म्हणजे त्या मुलीच्या हातात 1600 च पडतील. नाहीतर सोय केली म्हणून तिच्याच खिशातून कापायची वेळ येईल.

एक काम तुला स्वतःला करायचंय. तुझं लग्न व्हायचंय, घरी आई आहे, सांभाळणीला काय पडतं हे तुला ठाऊक नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही. पण दर मोबाइलवर शोधून लिहू नकोस, तिथे पुण्याचे दर मिळतील. गोडोलीतल्या, शाहूपुरीतल्या दोन-तीन पाळणाघरांत संध्याकाळी सहाच्या सुमाराला जाऊन उभा राहा. त्याच वेळी आया घड्याळाकडे बघत पळत येत असतात. उशिराचा आकार किती, रात्री ठेवता का, मुक्कामाला येणाऱ्या बाई माहीत आहेत का, विचार. कुत्र्याचं जनावरांच्या डॉक्टरांकडे विचार, कोण ठेवतं ते त्यांना बरोबर माहीत असतं. मग गेल्या वर्षीच्या टूरच्या नोंदी काढ, मुक्कामाच्या रात्री मोज, आणि या दरांनी गुणून एका पानावर लिही. शेजारी त्याच वर्षाचा हॉटेलचा खर्च लिही. माझा अंदाज असा की पहिला आकडा बघून एमडी म्हणतील, 'एवढंच?' पण माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, गुणाकार तूच कर.

सोमवारच्या बैठकीत पाळणाघर या शब्दापासून सुरुवात नको. ती दोन व्हाउचरं सगळ्यांपुढे ठेव, नावं झाकून, आणि अकाउंट्सच्या साहेबांना आधी बोलू दे. जेवणाची ओळ पास का केली, एवढंच त्यांना विचार. ते हुशार गृहस्थ आहेत असं तूच लिहिलंयस, पुढचं त्यांचं ते काढतील. त्या मुलीचे 1600 मात्र धोरण मंजूर व्हायची वाट न बघता या महिन्यातच विशेष मंजुरीनं काढून दे. मावशींना तिनं रोख दिलेत. सुधारलेला मसुदा शनिवारपर्यंत पाठव, नकाराच्या कलमाची भाषा मी बघते. तिथे 'शक्यतो' हा शब्द घातला असशील तर आत्ताच काढ.

तुझी,
मॅडम